पैठणची वाट : पास घ्यावा की आगाऊ तिकीट?

श्रीएकनाथांच्या पैठणास रेल्वे नाही. आगगाडीने जाणाऱ्यास छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे उतरून पुढील सुमारे पन्नास किलोमीटरांची वाट एस. टी. ने किंवा मोटारीने चालावी लागते. त्यामुळे पैठणास जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबापुढे सर्व प्रवासाच्या तिकिटांची व्यवस्था कशी करावी, हा प्रश्न उभा राहतोच. दिसण्यात तो क्षुल्लक आहे. परंतु घरातील वृद्ध मातोश्रींस नाथांच्या समाधीपुढे स्वस्थपणे बसावयास मिळणार, की सर्व वेळ मोटारअड्ड्यांवरच जाणार, हे पुष्कळ अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाने 1988 साली 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना सुरू केली. चार किंवा सात दिवसांचा पास एकदा घेतला, म्हणजे तेवढ्या मुदतीत हवे तितके फिरावे. साध्या गाडीचा पास वेगळा, शिवशाहीचा वेगळा. दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे ते आगारातच विचारून घेणे उत्तम.

आता हिशेब पाहू. पुण्याहून संभाजीनगर सुमारे 235 किलोमीटर. तेथून पैठण 50, वेरूळ 30 आणि अजिंठा 100. प्रत्येक ठिकाणी जाऊन परत यावयाचे धरले, तर एकंदर प्रवास 830 किलोमीटरांच्या घरात जातो. एवढ्या मार्गाच्या सुट्या तिकिटांची बेरीज करावी आणि ती पासाच्या किमतीशेजारी मांडावी. जो एकटा तरुण चार दिवसांत हे सारे पाहणार, त्याच्या दृष्टीने पास विचारात घेण्याजोगा खरा.

परंतु कुटुंबाचा हिशेब निराळा होतो. ऑगस्ट 1922 चा नव्हे, तर ऑगस्ट 2022 पासूनचा नियम असा, की पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. पासष्ट ते पंचाहत्तर या वयात अर्धे तिकीट पडते. मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांसही अर्धेच भाडे आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांस ते पूर्वीपासूनच होते. तेव्हा आजी, सूनबाई, लहान मुलगा आणि घरधनी असे चौघे निघाले, तर पूर्ण भाडे एकट्या घरधन्यासच द्यावे लागते. अशा कुटुंबाने चौघांचे पास काढणे म्हणजे सवलत हातची सोडून वर पैसे मोजणे होय. वृद्धांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा, एवढे मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट बसावयाच्या जागेची. पास हाती आहे एवढ्यावरून गाडीत आसन मिळेलच, अशी हमी नसते. लांबच्या गाडीचे आगाऊ आरक्षण केले, तर दिवस व गाडी ठरून जाते, पण आसनही ठरते. ज्यांच्याबरोबर वृद्ध मनुष्य आहे, त्यांनी या एका कारणासाठीही आरक्षणाचाच मार्ग धरावा, असे आमचे मत आहे. आगगाडीने जावयाचे असल्यास नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवून तिथी पाहावी.

तिथीचे महत्त्व पैठणास विशेष आहे. नाथांनी 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीत देह ठेविला. त्या दिवशी येथे मोठी यात्रा भरते आणि अष्टमीच्या काल्याने ती संपते. गावातील नाथांच्या वाड्यातला रांजण तुकारामबीजेपासून गोदेच्या पाण्याने भरू लागतात. तो केव्हा भरतो याकडे भाविकांचे डोळे लागलेले असतात. हे तीन दिवस जो पैठणास राहील, त्याचा चार दिवसांचा पास बहुतेक निजूनच राहणार! यात्रेशिवायच्या दिवसांतही नाथांचा वाडा, नदीकाठची समाधी, नागघाट, पैठणीचे माग आणि 1976 साली पुरे झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर हे सर्व एका दुपारीत उरकण्यासारखे नाही. जवळच ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगावही आहे.

युरोपास जाणाऱ्या आमच्या वाचकांसही हाच प्रश्न पडतो. 1959 पासून चालत आलेला युरेल पास अनेक देशांत चालतो. पण फ्रान्स व स्पेन येथील वेगवान गाड्यांत पासधारकासही आरक्षणाचे निराळे पैसे भरावे लागतात. उलट, आगाऊ काढलेले तिकीट पुष्कळदा स्वस्त मिळते, मात्र ते बहुधा त्याच गाडीस बांधलेले असते. रोज नवे गाव पाहणाऱ्यास पास बरा. दोनतीन शहरांत मुक्काम करणाऱ्यास तिकीट बरे. आपल्या रेल्वेचा परदेशस्थ प्रवाशांसाठी असलेला इंडरेल पास तर 2017 साली बंदच झाला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासग्रंथात पैठण हे भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. सातवाहनांच्या त्या राजधानीत गाड्यांवर माल घेऊन येणारा व्यापारी पोहोचताच परत फिरत नसेल. आज ती वाट काही तासांवर आली आहे. वाचलेले दिवस पुन्हा गाडीतच घालविण्यात काय स्वारस्य? म्हणून आमची सूचना एवढीच, की प्रथम मुक्काम ठरवावा, मग मंडळींची वये मांडावी, आणि शेवटी तिकिटांचा विचार करावा. जाण्यायेण्याच्या लांबच्या गाड्यांचे आरक्षण आधी करावे. संभाजीनगर ते पैठण हे तिकीट मात्र त्या दिवशीच काढावे, म्हणजे नाथांच्या ओसरीवरून उठण्याची घाई कोणासही होणार नाही.