विनाइंजिन हैदराबाद!

मगरपट्ट्याच्या सिग्नलला अडकले, की मी हमखास वर बघते. इथून जवळच, सासवड रोडला डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर आहे ना! ग्लायडर विंचच्या दोराने खेचून वर सोडतात. पुढे इंजिन नाही. उन्हाने तापून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, हेच पेट्रोल. घारीसारख्या घिरट्या घालून उंची कमवायची, पुढे सरकत ती खर्चायची. सिल्व्हर बॅजला ५० किलोमीटर. डायमंडला ५००, सरळ रेषेत चक्क हैदराबाद! क्लाउस ओलमान यांनी तर २००३मध्ये अँडीजवरून लाटांसारख्या उसळणाऱ्या वाऱ्यावर ३००९ किलोमीटर कापले. रेसमध्ये ठरलेले टर्न पॉइंट गाठून कमीत कमी वेळात परतायचं. खरी गंमत इथेच. घिरट्या जास्त झाल्या, तर नंबर गेला. कमी पडल्या, तर कुणाच्या तरी शेतात उतरा. मालकाला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा बुवा!