आकड्यांना नावं ठेवा

बँका आणि विमा कंपन्यांचे हिशेब रात्रभर चालवणाऱ्या मोठ्या यंत्राला मेनफ्रेम म्हणतात. आयबीएमने सिस्टिम/360 जाहीर केलं 1964 साली, आणि त्याच्या वारसदारांवर आजही पुण्यातली बरीच मंडळी पोट भरतात. मीही त्यातलाच. लोणी काळभोरला राहतो. रविवारी ओळखीतली दोन-तीन मुलं लॅपटॉप घेऊन शिकायला येतात.

कोबोल त्यांना फारसं जड जात नाही. तिथे पगाराला पगार म्हणता येतं. ती अडतात युटिलिटीच्या आज्ञांपाशी. फाइल क्रमाने लावणाऱ्या डीएफसॉर्टला आपण सांगतो: सॉर्ट फील्ड्स=(31,5,पीडी,डी). म्हणजे 31व्या जागेपासून 5 बाइट घे, ते पॅक्ड डेसिमल आहेत, उतरत्या क्रमाने लाव. बरं, पण 31व्या जागी आहे काय? शिल्लक? हप्ता? ते या ओळीत कुठेच नाही. फाइल उघडून बघावी, तर पॅक्ड आकडे स्क्रीनवर भलत्याच चिन्हांसारखे दिसतात.

म्हणून वर एक ओळ टाकायची, पहिल्याच रकान्यात स्टार देऊन: ‘31 ते 35 शिल्लक, मोठी आधी’. स्टारची ओळ डीएफसॉर्ट सोडून देतो. ती फक्त माणसासाठी. जाणकार सांगतात, कॉमेंटमध्ये ‘का’ लिहा, ‘काय’ ते कोड सांगतोच. नावं असलेल्या भाषेत हे पटतं. इथे मात्र कोड ‘काय’ही सांगत नाही. (आकड्यांना नावं द्यायची सोय डीएफसॉर्टमध्ये आहे, पण मी पाहिलेल्या जुन्या जॉबमध्ये ती क्वचितच दिसली.)

‘का’ची खरी गरज पडते ‘सम फील्ड्स=नन’ या ओळीला. शब्दशः वाचलं तर, कशाचीच बेरीज करू नका. प्रत्यक्षात सॉर्टची किल्ली सारखी असलेल्या रेकॉर्डांपैकी एकच उरतं, बाकीची गळतात. “दादा, ही ओळ काहीच करत नाही. काढू?” एकीने विचारलं. म्हटलं, काढ आणि मोज. सरावाच्या फाइलमधून 8 रेकॉर्ड निघत होती, ती 12 झाली. खऱ्या जॉबमध्ये असंच झालं, तर एकाच खातेदाराला दोन-दोन पत्रं जातील. तिने ओळ परत घातली आणि वर लिहिलं, ‘एका खात्याला एकच पत्र. काढू नये.’ आमच्या स्क्रीनवर देवनागरी उमटत नाही, म्हणून रोमन लिपीत, पण मराठीतच. ऑफिसात इंग्रजीत लिहावं लागेल, हे तिला माहीत आहे. समजून घ्यायला मात्र मराठी बरी पडते.

आयडीकॅम्समध्ये कॉमेंटची तऱ्हा वेगळी: स्लॅश-स्टारने सुरू, स्टार-स्लॅशने बंद. आज्ञा जॉबमध्येच लिहिलेल्या असतील, तर हा स्लॅश-स्टार पहिल्या रकान्यात कधीच नको. तिथे त्याचा अर्थ ‘इनपुट संपलं’ असा होतो आणि खालच्या आज्ञा युटिलिटीपर्यंत पोचतच नाहीत. समजावून सांगायला लिहिलेली ओळच काम अडवते! एक रकाना सोडून लिहिलं की झालं.

कधीकधी मी मुद्दाम रेकॉर्डचा नकाशा बदलून देतो. मध्ये 4 अक्षरं वाढवतो, शिल्लक 35व्या जागी सरकते. आज्ञा दुरुस्त करतो आणि वरची कॉमेंट 31वरच ठेवतो. पहिल्या वेळी सगळ्यांनी कॉमेंटवर विश्वास ठेवला. आता ती मुलगी कॉमेंट वाचते आणि लगेच नकाशा उघडून आकडे ताडून बघते. मी लिहिलेलेसुद्धा.