प्लगिन कोणी सांभाळायचं?

आमच्या गावच्या वाचनालयाची वर्डप्रेसवर बनवलेली वेबसाइट मी बघतो. मध्यंतरी ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "दादा, कुठलंही पुस्तक शोधलं की साइट बंद पडल्याचा मेसेज येतोय. वार्षिक सभा तीन दिवसांवर आलीय." रात्री एरर लॉग उघडला. सर्व्हरवर पीएचपी आठ आली होती आणि पुस्तकांची यादी दाखवणाऱ्या प्लगिनमध्ये ‘क्रिएट फंक्शन’ हे जुनं फंक्शन वापरलेलं होतं. ते वापरू नका, असं पीएचपीच्या 7.2 आवृत्तीपासूनच सांगितलं जात होतं. आठमध्ये काढूनच टाकलं. दोन ओळी बदलल्या, शोध चालू झाला. प्लगिनच्या लेखकाचं शेवटचं उत्तर पाच वर्षांपूर्वीचं. म्हणजे माझी दुरुस्ती आमच्या सर्व्हरपुरतीच राहिली. हेच प्लगिन वापरणाऱ्या बाकीच्यांनी आपापली रात्र जागवायची.

सकाळी ताईंनी विचारलं, "हे वर्डप्रेसचंच आहे ना? मग त्यांनीच नको का बघायला?"

*

ताईंचा प्रश्न रास्त आहे. त्याच डॅशबोर्डवरून, तेच ‘इन्स्टॉल’ बटण दाबून त्यांनी ते घेतलं होतं. वर्डप्रेस कुठे संपतं आणि परक्याचा कोड कुठे सुरू होतो, हे त्यांना कशावरून कळावं?

*

वर्डप्रेसमध्ये प्लगिनची सोय आली 2004 च्या मे महिन्यात, 1.2 आवृत्तीत. आज अधिकृत यादीत साठ हजारांच्या आसपास प्लगिन आहेत. नवं आत घेताना तपासतात, सुरक्षेचं भोक सापडलं तर पान बंद करतात, शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर चाचणी झाली नसेल तर पानावर तशी सूचना लावतात. हे काम मोलाचंच आहे. पण ते बाजार समितीचं काम आहे. शेत ज्याचं त्यानेच कसायचं. साठ हजार शेतं एका समितीने कसायला घेतली, तर एकही धड पिकणार नाही.

*

‘सगळं आम्हीच सांभाळतो’ हा प्रयोग अॅन्सिबलने खरोखर करून पाहिला. सर्व्हर आणि नेटवर्कची कामं आपोआप करवून घेणारं हे साधन. 2.9 आवृत्तीपर्यंत त्याची तीन हजारांहून जास्त मॉड्यूल एकाच छपराखाली होती: क्लाउडची, डेटाबेसची, कुठकुठल्या कंपन्यांच्या स्विचची. बाहेरून बघताना छानच वाटायचं, एकदा इन्स्टॉल केलं की सगळं हाताशी. आतली गोष्ट निराळी. समजा, एखाद्या स्विचच्या मॉड्यूलची दुरुस्ती कुणी पाठवली. ती बरोबर आहे की नाही हे ठरवायला तो स्विच टेबलावर हवा, तो चालवणारा माणूस हवा. मूळ टीममधल्या मोजक्या जणांकडे तीन हजार तऱ्हेचं ज्ञान कुठून येणार? दुरुस्त्यांचा ढीग साचत गेला. जी तपासून झाली, तीही मुख्य आवृत्ती निघेपर्यंत थांबून राहायची. शेवटी 2020 मध्ये, 2.10 च्या वेळी, मूळ घरात मोजकी मॉड्यूल ठेवली आणि बाकीची वेगवेगळ्या ‘कलेक्शन’मध्ये काढून ज्याची त्याच्याकडे सोपवली.

मला त्यातली पुढची गोष्ट जास्त आवडते. निवडक कलेक्शन एकत्र बांधलेलं पॅकेज त्यांनी चालूच ठेवलं. वापरणाऱ्याला एकाच ठिकाणी मिळतं, कष्ट मात्र वाटले गेलेत.

*

लिनक्स कर्नलचा कायदा उलटा. ड्रायव्हर मूळ कोडमध्ये आणा. मग आतला इंटरफेस जो बदलेल, त्यानेच तो वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे. बाहेर राहिलात तर तुमचं तुम्ही बघा.

हे जमतं, कारण आत शिरताना लायसन्स जुळावं लागतं, कोड त्यांच्या रीतीत बसवावा लागतो आणि तो कोण बघणार हेही ठरतं. कर्नलच्या कोडमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक फाइल आहे. प्रत्येक भागापुढे एका शब्दात त्याची स्थिती लिहिलेली असते. ‘सपोर्टेड’ म्हणजे हे बघण्याचे कुणाला तरी पैसे मिळतात. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कुणीतरी खरोखर बघतं. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, पण त्याला फारसा वेळ नाही. आणि ‘ऑर्फन’. अनाथ.

हा शब्द लिहायला धैर्य लागतं. आमच्या प्लगिनच्या पानावर तो असता, तर मी ते ताईंच्या साइटवर टाकलंच नसतं.

*

काही प्लगिन मात्र घरात घ्यायलाच हवीत. द्रुपल हेही वर्डप्रेससारखं वेबसाइट उभारायचं साधन. त्याचं ‘व्ह्यूज’ हे याचं उदाहरण. हव्या त्या अटी लावून याद्या तयार करणारं हे मॉड्यूल बाहेरच्यांनी लिहिलेलं. ते इतक्या साइटवर पोचलं की त्याच्यावाचून द्रुपलची साइट उभी करणं अवघड झालं. 2015 मध्ये, आठव्या आवृत्तीत, ते मूळ द्रुपलमध्ये आलं. ज्याच्यावाचून घर चालत नाही, त्याला पाहुणा म्हणत राहणं बरं नव्हे.

पण कोड आत आणताना तो जाणणारी माणसंही आत आली पाहिजेत. नुसतं नाव आलं, तर ते ओझंच.

*

न विचारता घेणं ही तिसरीच गोष्ट. 12 ऑक्टोबर 2024 ला वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतलं ‘अॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’चं पान ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ या नावाखाली गेलं. वीस लाखांहून जास्त साइटवर असलेलं प्लगिन. ते डब्ल्यूपी इंजिन या कंपनीचं. तिचं आणि वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग यांचं तेव्हा जाहीर भांडण चाललेलं. सुरक्षेचं कारण देण्यात आलं, यादीच्या नियमांत तशी मुभा आहे असंही सांगितलं गेलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर पान परत दिलं गेलं.

नियमात बसलं असेल. तरीही जिवंत, राबत्या हातातून काम काढून घेणं म्हणजे सांभाळणं नव्हे, असं मला ठामपणे वाटतं. दत्तक अनाथाला घेतात.

*

दत्तक देतानाही माणूस पारखावा लागतो. 2018 मध्ये जावास्क्रिप्टच्या जगातलं ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हे पॅकेज त्याच्या थकलेल्या लेखकाने, मदत करायला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं. त्याने त्यात बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. लेखकाला दोष द्यावासा वाटत नाही. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसाने किल्ली कुणाकडे द्यायची, हे ठरवायला सोबत कुणी नव्हतं. मूळ प्रकल्पांनी अधिकृतपणे करावं असं काही असेल, तर ते मला इथे दिसतं: अनाथ झालेलं अनाथ म्हणून जाहीर करणं, आणि किल्ली हातोहात देताना मध्ये साक्षीला उभं राहणं. त्याला कोड लिहिणारे शंभर हात लागत नाहीत. दोन-चार शहाणी, टिकून राहणारी माणसं लागतात.

*

यादीतलं बंद पडलेलं प्लगिन मागून घ्यायची वर्डप्रेसमध्ये रीत आहे. आधी मूळ लेखकाला लिहायचं. मी लिहिलं. अकराव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: नोकरी बदलली, घरी लहान बाळ आहे, आनंदाने घ्या.

काल रात्री त्या दोन ओळींची दुरुस्ती सगळ्यांसाठी बाहेर पडली. माहितीच्या फाइलमध्ये सर्वांत वर लिहिलं: हे एकच माणूस बघतो, फक्त रविवारी, किरकोळ दुरुस्त्या होतील, नव्या सोयी होणार नाहीत. ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आणि तुम्हाला जमेनासं झालं तर?" त्यासाठी खाली आणखी एक ओळ घातली आहे.