वर्गाबाहेरची हजेरी

दहावीचा निकाल लागला, दाखले वाटले, की आमच्या उर्दू शाळेचे काम संपले असे सरकारी दप्तरात धरले जाते. मुलांचा खरा इम्तिहान मात्र तिथून पुढे सुरू होतो. दहा वर्षे उर्दूतून शिकलेले पोर अकरावीला मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जाऊन बसते. पहिले दोन महिने प्राध्यापक काय सांगतात यापेक्षा शेजारचा मुलगा आपल्या उच्चाराला हसला की काय, याचीच त्याला धास्ती जास्त. पुढे कोणी टिकते, कोणी केळीच्या ट्रकवर हिशेब लिहायला जाते, कोणाचे लग्न ठरते. कोण का टिकले आणि कोण का गळाले, याची नोंद कुठेच नसते.

आम्ही म्हणजे मुक्ताईनगरच्या एका उर्दू शाळेतले तीन-चार शिक्षक. गावाचे जुने नाव एदलाबाद. म्हातारी माणसे अजून तेच नाव घेतात. गावात रेल्वे नाही. पोरांना पुढे शिकायचे तर गावातले महाविद्यालय, नाहीतर एस.टी.ने भुसावळ, जळगाव, फैजपूर, नाहीतर जिल्हा ओलांडून मलकापूर आणि राज्य ओलांडून बऱ्हाणपूर. आमच्या हातून गेलेली मुले ईदच्या सुट्टीत भेटायला येतात. शीरखुर्मा पिता पिता आम्ही त्यांना कॉलेजबद्दल विचारू लागलो. त्यातूनच या लेखाचा विषय निघाला.

महाविद्यालयात जे शिकवले जाते त्याची परीक्षा विद्यापीठ घेते. पण मूल कॉलेजात शिकते ते निव्वळ तासाला बसून नव्हे. ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्तीची खिडकी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, मैदान, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन, तक्रार ऐकणारे एखादे माणूस, या सगळ्यांतून ते घडते किंवा बिघडते. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेले नाही त्याच्या बाबतीत तर या बाहेरच्या गोष्टीच निकाल लावतात. या गोष्टींची तपासणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्या देशात महाविद्यालयांचे मूल्यांकन नॅक करते. १९९४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय बंगळूरला आहे. तिच्या सात निकषांपैकी पाचवा निकष आहे विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती. २०१७ च्या सुधारित चौकटीत एक हजार गुणांपैकी १३० ते १४० गुण या एका निकषाला ठेवले गेले. म्हणजे विषय दुर्लक्षित नाही. पण त्यात विचारले काय जाते? शिष्यवृत्ती किती जणांना मिळाली, मार्गदर्शनाचे वर्ग किती झाले, नोकरी किती जणांना लागली, पुढे किती शिकले, पदके किती आली. सगळी मोजदाद. किती जणांना मिळाली हे कळते. ज्याला मिळायला हवी होती आणि मिळाली नाही, तो कागदावर उमटतच नाही. आम्ही बी.एड.ला असताना मापन आणि मूल्यमापन यांतला फरक घोकला होता. तराजू वजन सांगतो, माल चांगला की सडका हे तराजूला कळत नाही. केळीच्या मुलखातल्या माणसाला हे वेगळे समजवायला नको.

त्याच चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. वीस प्रश्नांवर पर्याय निवडायचे आणि एकविसाव्यात आपल्या सूचना लिहायच्या. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने आपल्या कॉलेजातल्या अशाच एका चौकशी पत्रकाची हकीकत सांगितली. ग्रंथालयासमोर तिने "उत्तम" वर खूण केली होती. आम्ही सहज विचारले, शेवटचे पुस्तक कोणते घेतलेस? ती म्हणाली, "सर, माझे कार्डच काढलेले नाही." मग उत्तम का लिहिलेस? तर म्हणे, "बरोबर उत्तर तेच असणार ना!" वाचकहो, हसू नका. दहा वर्षे आपण मुलांना एकच शिकवतो, की छापील प्रश्नाला एक बरोबर उत्तर असते आणि ते वरिष्ठांना आवडणारे असते. ती पोर चौकशीला परीक्षा समजली. आणि तो सूचनांचा प्रश्न बहुतेक मुले कोराच सोडतात. चांगदेवाने ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले होते ही कथा आमच्या तालुक्यात पोराटोरांना ठाऊक आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर उभे आहे. त्या कोऱ्या पत्राला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. आमच्या पोरांचे कोरे कागद मात्र मोजून गठ्ठ्यात बांधले जातात.

समाधान विचारणे आणि शिकणे तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून २००० सालापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक मोठी पाहणी घेतली जाते. तिचा भर तुम्ही खूश आहात का यावर नाही; या वर्षात काय काय केलेत यावर आहे. तासाबाहेर शिक्षकाशी कितीदा बोललात, आठवड्यात किती तास अभ्यासाला दिलेत, आपल्याहून वेगळ्या धर्माच्या किंवा वंशाच्या मुलांशी कितीदा चर्चा केलीत, असे साधे प्रश्न. अशा प्रश्नाला "उत्तम" असे उत्तर देताच येत नाही. आम्ही ही युक्ती उचलली. दोनशे पानी एक रजिस्टर केले आणि ईदला आलेल्या प्रत्येक मुलाला विचारू लागलो: ग्रंथालयात शेवटचे कधी गेलास? अडचण आली तेव्हा पहिल्यांदा कोणाकडे गेलास? गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी कॉलेज बुडवलेस आणि का?

हा "का" फार बोलका निघाला. बारावीनंतर मुलींची हजेरी घटते, त्याचे कारण आम्ही आईबापांच्या विचारात शोधत होतो. काही अंशी ते तिथे आहेही. पण एका मुलीने वेगळाच हिशेब मांडला. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो तो पाचवी ते बारावीपर्यंत. एफ.वाय.ला पाऊल टाकले की तो बंद. मग विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास काढायचा. त्यासाठी कॉलेजचा सही-शिक्का, आगाराची रांग आणि पैसे आगाऊ. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट झाले, तेव्हा आगाराची रांग नको म्हणून या मुली रोज निम्मे तिकीट काढू लागल्या. महिनाअखेरीला घरात पैसे नसले की त्या चार दिवस घरी. पासात तिकिटाचा एक तृतीयांशच भार पडतो, हे त्यांना कोणी मांडून दाखवलेच नव्हते. अर्ध्या तासाचे काम होते ते. कॉलेजच्या दप्तरात अशी मुलगी "अनियमित" ठरते.

दुसरे प्रकरण शिष्यवृत्तीचे. खानदेशातल्या मुसलमानांची नावे शेख अमुक शेख तमुक अशी असतात. ऑनलाइन अर्जात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन रकाने. आधारवर शेख आधी, गुणपत्रिकेवर शेख शेवटी, बँकेच्या पासबुकावर शेख दोनदा. यंत्राला ही तीन वेगळी माणसे वाटतात आणि अर्ज परत येतो. पहिली ते आठवीची अल्पसंख्याकांची शिष्यवृत्ती केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली, त्यामुळे अर्ज भरण्याची सवय आता नववीच्या आधी लागतच नाही. दहावीचा बोर्डाचा अर्ज भरतानाच नाव आधारशी जुळवून घेणे हे काम आता आम्ही शाळेतच करतो. ते करताना कळले की शिष्यवृत्ती मिळालेल्यांची संख्या ही कॉलेजच्या साहाय्याची मोजणी मानली, तरी तिचे मूळ कित्येकदा सायबर कॅफेवाल्याच्या सवडीत असते.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तरच्या पन्नासांमागे एक मुसलमान, असे त्यात नोंदले होते. तो आकडा आपल्या व्यासपीठांवर इतक्यांदा वाचला गेला की गुळगुळीत झाला. त्याच अहवालात वसतिगृहांची, विशेषतः मुलींच्या वसतिगृहांची शिफारस होती, तिची आठवण कमी निघते. महाराष्ट्राला तर ही गोष्ट नवी नव्हती. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहांचा सपाटा लावला आणि १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगही उभे केले. शाळा आहे पण राहायला, जेवायला, विचारायला कोणी नाही, तर शाळेचा उपयोग नाही, हे त्या राजाने ओळखले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली. १९४७ साली तिथे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते कमवा आणि शिका या तत्त्वावर. आज विद्यापीठांत त्याच नावाची योजना चालते. मुले बागेत, कार्यालयात, ग्रंथालयात काम करतात आणि हजेरीपटावर सही करून मानधन घेतात. त्या कामातून मूल काय शिकले हे विचारणारा रकाना त्या पटावर आम्ही तरी पाहिला नाही. ग्रंथालयात वर्षभर पुस्तके लावणाऱ्या मुलाला सूची कळली का, की नुसती धूळ झटकून तो बाहेर पडला?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ ची, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. प्रमाणपत्रावर तास येतात. आमचा एक विद्यार्थी अशा शिबिराला गेला होता. त्याने शोषखड्डे खणले, ते अहवालात आहे. रात्रीच्या बौद्धिकानंतर आभार मानायला त्याला अचानक उठवले आणि तो आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसांपुढे मराठीत चार वाक्ये बोलला, हे अहवालात नाही. तीन वाक्यांत लिंग चुकले, असे तोच हसत सांगत होता. "पण सर, कोणी हसले नाही." अकरावीत ज्या पोराने भीतीपोटी तोंड उघडले नव्हते, त्याच्यासाठी त्या सात दिवसांची कमाई हीच. शोषखड्डा पुढच्या पावसाळ्यात बुजलाही असेल.

शालेय शिक्षक म्हणून आम्हाला याचे नवल नाही. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. कल्पना उत्तम होती. वर्षभरातच बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली आणि साठ मुले "गटात उत्साहाने सहभागी होतो" झाली. आता तोच खेळ वरच्या मजल्यावर रंगण्याची चिन्हे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सहअभ्यासक्रमाला, क्षेत्रीय प्रकल्पाला, समाजकार्याला श्रेयांक मिळू लागले. म्हणजे तासाबाहेरचे शिकणे आता गुणपत्रिकेत आले. हे स्वागतार्हच आहे. मात्र गुण आले की अहवाल आले, आणि अहवाल आले की झेरॉक्सचे दुकान आले.

त्यात आमच्या मुलींचा पेच निराळा. निवासी शिबिराला घरून परवानगी नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे एका विद्यार्थिनीच्या घरी गेलो. आमच्यासोबत शाळेच्या एक बाजीही होत्या. तिचे अब्बा भले माणूस, भाजीचा गाडा लावतात. म्हणाले, "मास्टरसाब, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. दिवसा पाठवतो. रात्रीचे तेवढे सांगू नका." बाजींनी महिला प्राध्यापक सोबत असतात, झोपायची सोय वेगळी असते, सगळे सांगितले. मुलीची अम्मी आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. शेवटी तीच म्हणाली, "मी एक दिवस जाऊन जागा बघून येते." ती गेली, बघून आली, आणि मुलगी सातपैकी पाच दिवस राहिली. तिच्या हजेरीत दोन दिवस कमी भरले. तिच्या अम्मीचा त्या गावापर्यंतचा प्रवास कोणत्या श्रेयांकात मांडायचा, हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

आमच्या रजिस्टरची गोष्ट फिरत फिरत एका कॉलेजच्या ग्रंथपालांपर्यंत गेली. त्यांनी बघायला मागितले. आम्ही नावे वगळून ग्रंथालयाबद्दलच्या नोंदी मराठीत उतरवून दिल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि विचारले, "ही मुले येऊन परत का जातात, हे आमच्या पत्रकात कधीच आले नाही. त्यांना नेमके काय हवे?" आम्ही सांगितले, एक तर कार्डाचा अर्ज भरायला पहिल्या आठवड्यात कोणीतरी सोबत हवे, आणि टेबलावर श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश हवा. पहिली गोष्ट त्यांनी या जूनपासून सुरू केली. दुसऱ्या वर्षाची दोन मुले नव्यांना घेऊन खिडकीशी उभी राहतात. शब्दकोशाची मागणी खरेदी समितीपुढे आहे. तोपर्यंत आम्ही आमच्या शाळेतली प्रत दर सोमवारी पाठवतो आणि शनिवारी परत आणतो.