आईच्या मशीनवरचा दिवा

आईच्या शिलाई मशीनवरचा जुना बल्ब गेला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "एलईडीचा दिवा लावून देतो. त्याचा बारा व्होल्टचा सप्लायसुद्धा घरीच बनवतो." बाजारात तयार मिळतो हो, पण मग आमची हौस कशी भागणार?

तर मंडळी, हा फ्लायबॅक जातीचा सप्लाय. नाव जुन्या टीव्हीतलं. चित्रनळीतला किरण एक ओळ संपवून झटकन मागे फिरायचा, त्या परतीच्या क्षणावर ते पडलं. आता हाच प्रकार मोबाइलच्या चार्जरमध्ये असतो. म्हणायला ट्रान्सफॉर्मर, पण वागणं विहिरीतल्या पोहऱ्याचं. आधी भरायचा, मग ओतायचा, माझ्या सप्लायमध्ये सेकंदाला 65,000 वेळा. गंमत म्हणजे ऊर्जा साठते ती मुख्यतः फेराइटमध्ये नव्हे, तर फेराइटच्या दोन तुकड्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीत. मला पाव मिलिमीटर फट हवी होती, म्हणून तेवढ्या जाडीचा कागद घातला. मधल्या खांबातून गेलेलं चुंबकीय क्षेत्र कडेच्या खांबांतून परत येतं, म्हणजे कागद दोनदा ओलांडतं, हे विसरलोच! इंडक्टन्स निम्मा भरला. कागद बदलला. असो.

खरी गोष्ट पुढेच आहे.

गाभा ईई-20, म्हणजे आगपेटीहून लहान. प्रायमरीचे 80 वेढे, सेकंडरीचे 10. स्विच बंद होताना उसळणारा व्होल्टेजचा टोला कमी राहावा म्हणून सँडविच करतात: 40 वेढे प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेले 40. आता घरातले 230 व्होल्ट रेक्टिफाय झाले की 325 होतात, आणि ते प्रायमरीवर असतात. सेकंडरीला माणसाचा हात लागतो. म्हणून तारेवरच्या एनॅमलवर भिस्त न ठेवता मध्ये टेपचे थर द्यायचे आणि बॉबिनच्या दोन्ही कडांना सुमारे तीन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. पण बॉबिनची रुंदी जेमतेम दहा! कडा न सोडता 40 वेढे एका थरात कसे सुबक बसत होते. मी कडा सोडल्या नाहीत. टेप दिली की झालं, म्हटलं.

दिवा लागला, आई खूश. त्याची ऋण तार मी दिव्याच्या धातूच्या अंगालाच जोडली होती, म्हणजे पर्यायाने मशीनला. पावसाळ्यात आई म्हणाली, "अरे, मशीनला हात लागला की मुंग्या येतात." मी विद्वानासारखं सांगितलं, "दोन्ही बाजूंच्या मध्ये एक वाय कपॅसिटर असतो, त्यातून किंचित करंट येतो. तेवढं चालतं." हे खोटं नव्हतं. तिने मग मशीनखाली पाट घेतला, पायाखाली. तो पाट बघून मला राहवेना.

ट्रान्सफॉर्मर उकलला. सेकंडरीचा शेवटचा वेढा कडेला घसरून टेपच्या खाली गेला होता आणि प्रायमरीच्या तारेला चिकटून बसला होता. मध्ये फक्त दोघांचं एनॅमल. तो एवढासा गुंडा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो.

दुसरा बनवला तेव्हा सेकंडरीला तिहेरी आवरणाची तार वापरली. तिला कडा सोडाव्या लागत नाहीत. सगळं जोडून मशीनला हात लावून पाहिला, तर बारीक मुंग्या होत्याच! म्हणजे त्या कपॅसिटरच्याच होत्या, कदाचित आधीपासून. आईला म्हटलं, "एवढं चालतं गं."

"मागच्या वेळीही हेच म्हणालास," ती म्हणाली.

मग ऋण तार दिव्याच्या अंगापासून सोडवली. मुंग्या गेल्या. पाट मात्र आईने अजून काढलेला नाही.