हलक्या रायफलीचे वजन

पाठीवर बिऱ्हाड घेऊन डोंगर हिंडणाऱ्यांना वजनाच्या हिशेबाचे व्यसनच असते. टूथब्रशची दांडी कापून दोन-चार ग्रॅम वाचवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. कोलोरॅडोत राहू लागल्यापासून आम्हीही त्यांच्यातलेच झालो. ऑक्टोबरात तिथे सशांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. परवाना काढून सोबत एखादी हलकी रायफल घेतली, तर शिध्याचे ओझे कमी होईल, असा साधा विचार आमच्या मनात आला.

काडतुसाबद्दल फारसा वाद नव्हता. १८८७ पासून चालत आलेले .२२ लाँग रायफल छोट्या शिकारीला पुरेसे असते. धक्का नगण्य, मांसाची नासाडी कमी, आणि पन्नास काडतुसे १७० ग्रॅमच्या आसपास. प्रश्न होता रायफलीचा. युजीन स्टोनर यांच्या रचनेची एआर-७ ही रायफल १९५९ च्या सुमाराची. अपघातानंतर रानात अडकलेल्या वैमानिकासाठी केलेल्या रायफलीवरून ती बेतलेली असून, सुटी केली की स्वतःच्याच पोकळ दस्त्यात मावते. तिची आजची आवृत्ती सुमारे १.६ किलो भरते. दुसरी, २०१२ मध्ये आलेली, दोन तुकडे होणारी रूगर १०/२२. ती सुमारे २.१ किलोची. फरक अर्ध्या किलोचा, म्हणजे पाण्याच्या लहान बाटलीएवढा.

हा फरक कागदावर जितका सरळ दिसतो, तितका हातात राहत नाही. रायफल जितकी हलकी, तितकी ती धापेबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर हलते. जड रायफल स्वतःच्या जडपणामुळेच स्थिरावते. चढ चढून आलेल्या माणसाला तर हे फारच जाणवते. पन्नास यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर दोन इंचांची चूक म्हणजे केवळ कमी गुण. सशाच्या देहावर तेच दोन इंच डोके आणि पोट यांच्यातले अंतर असतात. आम्ही वाचवलेल्या अर्ध्या किलोची किंमत अशी भलत्याच्याच खात्यावर पडते.

शिध्याचा हिशेबही तपासून पाहिला. चालणाऱ्याला दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम कोरडा शिधा लागतो. रायफल आणि काडतुसे मिळून तीन दिवसांच्या जेवणाइतके वजन झाले. शिवाय सशाच्या मांसात चरबी इतकी कमी, की केवळ त्यावर राहणारा माणूस पोटभर खाऊनही खंगतो. म्हणजे ओझे कमी करण्याची सबब टिकत नाही. उरते ती शिकारीची इच्छा, आणि तिला इच्छाच म्हणणे बरे.

ही इच्छा साहित्यालाही चुकलेली नाही. रानात राहायला जाण्यापूर्वी बंदूक विकणारा थोरो 'वॉल्डन'मध्ये मुलांना शिकारी होऊ द्यावे, असेही सांगतो. कारण त्याच वाटेने माणूस पुढे शिकारीपलीकडे जातो, अशी त्याची धारणा. गॅरी पॉल्सन यांच्या 'हॅचेट' (१९८७) या कादंबरीतील मुलगा स्वतः केलेल्या धनुष्यावर जगलेला असतो. शेवटी रायफल हाती येते, तेव्हा ती आपल्याला रानापासून तोडते आहे, असे त्याला वाटते.

आम्ही जड रायफल निवडली आणि शिधाही पुरता घ्यायचे ठरवले. पोटात भूक असली की शंकास्पद नेमही खात्रीचा वाटू लागतो. पिशवीत डाळ-तांदूळ असले, तर चापावरचे बोट सहज मागे घेता येते.