मान खाली घालून पाहायचं जंगल

मृग लागायच्या आसपास ठाणे आणि कल्याण स्टेशनांबाहेर शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. पाड्यांवरच्या बायका भल्या पहाटे निघून येतात, फूटपाथवर गोणपाट अंथरतात आणि जांभळट-तपकिरी कोंबांचे वाटे मांडतात. शेजारी काकडाच्या हिरव्या फळांचाही वाटा असतो, कारण शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो आणि काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. पुढचे तीन-चार महिने याच गोणपाटावर टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, कंटोळी, बांबूचे कोंब असं एकेक येत राहतं. मग कधीतरी पानात बांधलेली अळंबी येते आणि तासाभरात संपते. जंगलात या आठवड्यात काय उगवलं, काय सरलं, याची सर्वांत ताजी बातमी शहराला इथे मिळते. लोकल पकडायच्या घाईत ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

हे जंगल दूरचं नाही. ठाणे स्टेशनहून बसने उपवन तलाव ओलांडला की येऊरचा चढ लागतो आणि तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू सुरू होते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे रान मुंबई आणि ठाणे अशा दोन महानगरांच्या मधे टिकलं, त्याचं एक मोठं कारण पाणी. एकोणिसाव्या शतकात मुंबईची तहान भागवायला आधी विहार आणि मग तुळशी तलाव बांधले गेले, त्यांच्या पाणलोटातली झाडी राखावी लागली आणि पुढे तिच्याभोवती उद्यानाची हद्द वाढत गेली. थोडक्यात, हे जंगल पावसासाठीच राखलं गेलं. तरीही पावसाळ्यात ते नीट पाहणारे थोडे.

येऊरबद्दल बोलणं निघालं की दोनच गोष्टी निघतात, बिबट्या आणि धबधबा. बिबट्याचं आकर्षण समजण्यासारखं आहे. २०१८ साली कॅमेरे लावून झालेल्या मोजणीत उद्यान आणि लगतच्या पट्ट्यात ४७ बिबटे आढळले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या ठाण्यातल्या मॉलमध्ये शिरला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेच्या एका इमारतीत. धबधब्याचं वेड मात्र दर वर्षी जीव घेतं. वरच्या डोंगरात कोसळलेली सर खालच्या ओढ्यावर उभ्या असलेल्याला दिसत नाही. पाणी एकदम चढतं. पावसाळ्यात ओढ्या-धबधब्यांवर जाण्यास मनाई होते ती यासाठीच, आणि ती पाळायलाच हवी. पण बिबट्या आणि धबधबा दोन्ही बाजूला ठेवले तरी रस्त्याच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीखाली, इतकं काही चाललेलं असतं की शंभर पावलांना एक तास पुरत नाही.

पहिला जोराचा पाऊस झाला की इंडियन बुलफ्रॉगचे नर रंग बदलतात. एरवी चिखलाच्या रंगाचा हा दांडगा बेडूक पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंचे फुगे गर्द निळे. भातखाचरात, रस्त्याकडेच्या डबक्यात असे दहा-वीस नर जमतात, एकमेकांवर धावून जातात आणि सगळा परिसर त्यांच्या ओरडण्याने भरून जातो. हा सोहळा जेमतेम काही दिवसांचा. अंडी घालायला या बेडकांना तलाव नको असतो, तात्पुरतं साचलेलं पाणी हवं असतं, कारण तिथे मासे नसतात. त्यांची पिल्लंही मवाळ नसतात. इतर बेडकांची, प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लं ती खातात. डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं तर खाणं भरपूर लागतं.

याच बेडकांच्या तंगड्या एके काळी हजारो टनांनी परदेशी जात. मुंबईचे पक्षी-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या व्यापारावर सविस्तर लेख लिहिला. बेडूक शेतातले किती किडे खातात आणि ते नाहीसे झाल्यावर शेतकऱ्यावर कोणता खर्च येतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९८७ मध्ये केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. सह्याद्रीतल्या एका छोट्या, सुरकुतल्या कातडीच्या बेडकाला त्याआधीच, १९५५ साली, अब्दुलअलींचं नाव मिळालं होतं. तो ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो आणि पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. निसर्गासाठी लढलेल्या माणसाचं याहून चांगलं स्मारक सुचत नाही.

झाडबेडकाची रीत आणखी वेगळी. मादी अंड्यांबरोबर एक स्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा पांढरा फेस करते. पाण्यावर आलेल्या फांदीला, हौदाच्या भिंतीला, कधी तर पाड्यावरच्या पिंपाच्या आतल्या बाजूला हा फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. बाहेरून तो सुकतो, आत ओला राहतो, आणि काही दिवसांनी पिल्लं खाली ठिबकतात. कुणीतरी साबण सांडला असेल असं समजून तो पुसूनही टाकला जातो.

अशीच फेसाची घरटी जपानच्या खेड्यांतही जूनमध्ये लटकतात. तिथे त्या दिवसांत पावसाचा हंगाम असतो आणि मोरिआओगाएरू नावाचा हिरवा झाडबेडूक तळ्यावर, भातखाचरावर झुकलेल्या फांद्यांना घरटी बांधतो. डोंगराच्या पायथ्याशी भातशेती, मधे छोटी तळी आणि वर सरपणासाठी आलटून-पालटून तोडलेलं, पुन्हा फुटलेलं रान, अशा मुलखाला जपानी लोक सातोयामा म्हणतात. त्यातले कित्येक बेडूक, चतुर आणि काजवे माणसाच्या शेतीवर अवलंबून आहेत. १९८२ मध्ये तिथल्या वनखात्याने नागरिकांना रानात संथ फिरण्याचा सल्ला द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तिथल्या संशोधकांनी अशा फिरण्याचा रक्तदाबावर, मनावरच्या ताणावर काय परिणाम होतो तेही मोजलं. खेडी मात्र ओस पडत चालली आहेत. म्हातारी माणसं गेली, खाचरं पडीक झाली आणि त्यांच्या आधाराने जगणारे जीव अडचणीत आले.

कल्याण-डोंबिवलीत नेमकं उलट घडतं आणि बेडकाच्या पदरी तेच पडतं. कल्याण-शिळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथे भात लावला जात होता तिथे आता इमारती आहेत. शेताचा बांध गेला की त्यालगतचं डबकं जातं, आणि डबकं गेलं की पिवळ्या बेडकाचा जूनही जातो. म्हणून डोंबिवलीच्या पक्षीनिरीक्षकांची आवडती उंबर्ली टेकडी, मलंगगडाच्या पायथ्याची शेतं, बदलापूरपलीकडचं बारवीचं रान या जागांचं मोल जरा जास्तच आहे. बारवी धरणाचं पाणी याच पट्ट्यातल्या घरांत आणि कारखान्यांत येतं, तेव्हा त्या रानाशी इथल्या माणसांचं नातं रोजचं आहे.

पावसातल्या पाहुण्यांत सर्वांत देखणा तिबोटी खंड्या. लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, आणि अंगावर निळा, जांभळा, केशरी असे रंग. तो पावसाबरोबर कोकणात येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ खोदतो आणि पिल्लांना पाली, बेडूक, छोटे खेकडे भरवतो. आगमनाच्या त्या दिवसांत काचांवर आपटून घेरी आलेले तिबोटी खंड्ये मुंबई-ठाण्याच्या इमारतींत सापडतात. असा पक्षी दिसला तर त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावं आणि वनखात्याला किंवा पक्षीमित्रांना कळवावं. तोंडात पाणी ओतू नये.

सागाकडे पाहिलं तर वाटतं, रोग पडलाय. ऐन पावसात पानांच्या नुसत्या जाळ्या उरतात. हे काम पतंगांच्या अळ्यांचं आणि त्याच अळ्यांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात. साग पुन्हा पालवतो. अशा ओल्या दिवसांत कधी खोडावर ॲटलास पतंग बसलेला सापडतो, पसरलेल्या पंखांसकट चांगला वीतभर. पूर्ण वाढ झालेल्या या पतंगाला खाण्यायोग्य तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो थोडे दिवस काढतो, जोडीदार शोधतो आणि मरतो. वारुळातून वर येणाऱ्या अळंबीची कथाही अशीच अद्भुत आहे. वाळवी आपल्या वारुळात बुरशीची शेती करते, तिला चावलेल्या लाकूडपाल्याचं खत घालते आणि पाऊस मुरला की त्या शेतीला वर छत्र्या फुटतात. फूटपाथवर पानात बांधून मिळते ती हीच. कोणतं वारूळ कधी फुटणार हे पाड्यांवरच्या बायकांना ठाऊक असतं आणि कोणती अळंबी विषारी तेही. शहरातल्या हौशी माणसाने ती स्वतः वेचून खाण्याचं धाडस करू नये.

हे सगळं पाहत चालायची पद्धत साधी आहे. वाट वनखात्याने ठरवलेली हवी, परवानगी हवी, सोबत जाणकार असावा. झुडपाला हात लावण्याआधी पाहावं, कारण बांबूच्या पानासारखा हिरवा चापडा तासन्‌तास एकाच डहाळीवर हलल्याशिवाय बसतो आणि तो विषारी असतो. बाकी पाय जपून टाकावेत आणि थांबत राहावं.

दिवसापेक्षा इथली रात्र जास्त धोक्यात आहे. येऊरमध्ये रात्रीच्या खेळांसाठी लावलेले झोतदिवे आणि मोठ्या आवाजातल्या मेजवान्या यांविरुद्ध पाड्यांतले आदिवासी आणि ठाण्यातले निसर्गप्रेमी सतत तक्रारी करत आले आहेत. त्यांचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. पतंग दिव्याभोवती फिरून थकतात आणि मरतात. बेडकाची हाक मादीपर्यंत पोचली नाही तर त्या वर्षीची अंडी नाहीत. वाघोबाला मानणाऱ्या वारली कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या या रानात अंधाराशी जुळवून घेतलं; बाहेरून आलेल्यांना रात्री दहानंतर दिवे बंद ठेवणं जड जाऊ नये.

या डोंगरउतारांवर कारवीही आहे. तिच्या काठ्यांच्या भिंतींना चिखल लिंपून इथली घरं उभी राहिली. आठ वर्षांतून एकदा, ऑगस्टअखेरीपासून पुढे, ती एकदम जांभळी फुलते आणि बी धरून मरते. २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं; तो याच उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. कारवीचा पुढचा बहर २०३२ चा. २०२४ च्या पहिलीतली मुलं तोवर नववीत असतील, आणि त्यांना बेडूक, चापडा, शेवळं ओळखायला शिकवायचे पावसाळे मधे अजून हाताशी आहेत.